अहमदनगरच्या किल्ल्यांतील मदरसा व त्याचा राजशिष्य

अहमदनगरच्या (आजच्या अहिल्यानगरच्या) निजामशाहींत शाह ताहीर या इराणी पंडिताकरितां मदरसा चालूं झाला, ही गोष्ट बुऱ्हाण निजामशहाच्या शिया पंथस्वीकाराच्या ओघांत सांगण्याचा प्रघात आहे. त्यामुळें मदरसा हें पंथप्रसाराचें साधन होतें, असा वाचकाचा समज होतो. कालानुक्रम लावून पाहिल्यास हा समज टिकत नाहीं, हें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हकीकतीचा मुख्य आधार फेरिस्ता. शाह ताहीर हा कझवीनकडील सय्यद घराण्यांतला असून काशान येथें अध्यापन करीत असे. निजारी इस्मायलींच्या एका शाखेचा तो इमाम होता, हें इव्हानॉव यांनीं १९३८ सालीं पुढें आणलें. शाह इस्माईल सफवीची इतराजी झाल्यामुळें त्यास दक्षिणेंत यावें लागलें. विजापुरास त्याची कदर झाली नाहीं. पुढें परांड्यास ख्वाजा जहान यानें त्यास ठेवून घेतलें. त्याच सुमारास पीर महंमद शिरवानी हा नगरहून परांड्यास गेला. हा पीर महंमद खुद्द बुऱ्हाणाचा गुरु. परंतु शाह ताहिराची विद्वत्ता पाहून तो स्वतःच त्याचा शिष्य झाला, व टॉलेमीच्या ज्योतिषग्रंथाचें, म्हणजे ‘अल्मजिस्ती’चें, अध्ययन करीत वर्षभर तेथें राहिला. परत आल्यावर विलंबाचें कारण सांगतांना त्यानें या नव्या गुरूची थोरवी वर्णिली, आणि बुऱ्हाणानें इ. स. १५२२ (हि. ९२८) मध्यें शाह ताहिरास नगरास आणविलें.

बुऱ्हाण सात वर्षांचा असतां गादीवर बसला होता. या वेळीं तो विशीच्या सुमाराचा होता. त्यानें किल्ल्यांत शाह ताहिराच्या पाठाची व्यवस्था केली. ठरल्या दिवशीं विद्वान् तेथें जमत, आणि राजा स्वतः श्रोत्यांत बसून पाठ ऐकत असे. शाळेचा दाता तोच तिचा विद्यार्थी, असा हा योग.

पंथस्वीकार झाला तो इ. स. १५३७ (हि. ९४४) मध्यें, म्हणजे १५ वर्षांनीं. त्यानंतर किल्ल्यासमोर बारा इमामांच्या नांवानें ‘लंगर’ उभा राहिला व त्याच्या खर्चास गांवें लावून दिलीं. ही दुसरी संस्था पंथाशीं निगडित होती, यांत शंका नाहीं. पण तिच्यावरून पहिलीचें स्वरूप ठरविणें योग्य नव्हे. पहिलीच्या मुळाशीं ज्योतिषाचा एक ग्रंथ होता, आणि तिला कारण झालेला पीर महंमद सुन्नी होता. पंथांतर होतांच तोच बंड करून किल्ल्यावर चालून गेला व कैद झाला. पुढें त्याची सुटका झाली ती शाह ताहिराच्याच रदबदलीनें. गुरुशिष्यांचें नातें पंथभेदानें तुटलें नव्हतें, असेंच यावरून म्हणावें लागतें.

फेरिस्ता बालपणीं नगरास आला. त्याचा बाप राजपुत्र मीरान हुसेन यास फारशी शिकवीत असे. तेव्हां नगरच्या विद्यापरंपरेची वार्ता त्यास घरींच मिळाली असावी. तथापि त्यानें ग्रंथ लिहिला तो विजापुरास, या घटनेनंतर सुमारें ऐशीं वर्षांनीं. म्हणून त्यास दुसऱ्या साक्षीची जोड हवी.

ती दगडांत मिळणें कठीण. बुऱ्हाणाच्या वेळचा कोट मातीचा. आजचा दगडी कोट त्याचा पुत्र हुसेन यानें १५५९ च्या सुमारास घालण्यास आरंभ केला. कागद मात्र अधिक चिवट निघाले आहेत. शाह ताहिराच्या पत्रांचा संग्रह हस्तलिखित रूपानें उरला आहे, आणि हुसेनाच्या कारकीर्दीचें ‘तारीफ-इ-हुसेनशाही’ हें सचित्र काव्य पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संग्रहीं आहे. नगर-परांडा भागांतील फारशी पोथ्या ज्यांच्याजवळ असतील, त्यांनीं ग्रंथनामावर न थांबतां अखेरचें पान, मालकीचे शिक्के व समासांतील टीपा अवश्य पाहाव्या. गणित-ज्योतिषाच्या एखाद्या पोथीवर १५२२ ते १५३७ या काळांतली नगरची नोंद सांपडल्यास, वरील अनुमानास फेरिस्त्याहून जवळचा साक्षीदार मिळेल.