धूळपाटी ते सीडी-आरडब्ल्यू: पुसलेलं जातं कुठं?

मंडळी, या वीकेंडला जरा जुनी गोष्ट काढतोय. सीडी-आरडब्ल्यू. आजच्या लॅपटॉपला सीडीचा ट्रेच नसतो, त्यामुळे नव्या पोरांना हे नाव ऐकून हसू येईल. पण २००० ते २०१० च्या दरम्यान अमरावती-अकोल्याकडे ज्यांच्या घरी कॉम्प्युटर होता, त्यांना ही चकती चांगली आठवत असेल. साधी सीडी-आर एकदाच लिहायची, चुकली की चहाच्या कपाखाली! आरडब्ल्यू मात्र पुसायची आणि परत वापरायची. एकच चकती जपून वापरणाऱ्याला महिनोन् महिने पुरायची.

खरं तर पुसून परत लिहायची ही कल्पना आपल्याकडे फार जुनी. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, बोटानं किंवा काडीनं अक्षर काढायचं, हात फिरवायचा की पाटी कोरी. 'धुळाक्षरं गिरवणं' हा शब्द तिथूनच आला. गणितही असंच व्हायचं, जुन्या ग्रंथांत त्याला 'धूलिकर्म' म्हणतात. भारतीय अंकांसोबत ही धूळपाटी अरबांकडेही पोचली. तिथं दमास्कसमध्ये अल-उक्लिदिसी नावाच्या गणितज्ञानं इ.स. ९५२-५३ च्या सुमारास एक ग्रंथ लिहिला आणि सांगितलं, की धूळ सोडा, कागद आणि शाई घ्या. एक कारण आपल्या धंद्यातल्या माणसाला लगेच पटेल असं आहे. पाटीवर पुढची पायरी लिहायला मागची पुसावी लागते, मग चूक झाली तर शोधणार कुठं? थोडक्यात काय, लॉग फाइल ठेवा! म्हणजे पुसता येणं ही सोय आणि पुसलं जाणं हा तोटा, हे भांडण हजार वर्षांपूर्वीचंच आहे.

आता चकतीकडे येऊ. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रनमध्ये जन्मलेला स्टॅनफर्ड ओवशिन्स्की हा गडी कॉलेजात न जाता स्वतःच शिकलेला संशोधक. काही काचेसारखे पदार्थ विजेच्या झटक्यानं एका अवस्थेतून दुसरीत जातात आणि परत येतात, हा त्याचा शोधनिबंध १९६८ साली आला. १९७० मध्ये इंटेलच्या गॉर्डन मूरनं दोन सहकाऱ्यांबरोबर याच तत्त्वावरच्या २५६ बिटच्या मेमरीवर लेख लिहिला. २५६ बिट म्हणजे ३२ अक्षरं फक्त! पुढं विजेच्या जागी लेसर आला आणि बरीच वर्षं खटपट होऊन १९९७ मध्ये सीडी-आरडब्ल्यू बाजारात आली.

तिच्या पोटात चांदी, इंडियम, अँटिमनी आणि टेल्युरियम यांच्या मिश्रधातूचा पातळ थर असतो. लेसरनं एखादा ठिपका ५०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून झटकन थंड होऊ दिला की तिथले अणू विस्कळीत राहतात आणि ठिपका काळपट दिसतो. तोच ठिपका २०० अंशांच्या आसपास जरा वेळ ठेवला की अणू परत रांगेत बसतात आणि चमक येते. काळपट आणि चमकदार, बस्स, एवढ्यावरच तुमचे फोटो आणि गाणी! हे साधारण हजार वेळा करता यायचं. अडचण एकच. साधी सीडी ७० टक्क्यांच्या वर प्रकाश परत फेकते, आरडब्ल्यू जेमतेम २० टक्के. म्हणून घरी लिहिलेली चकती दुकानातला जुना ड्राइव्ह ओळखायचाच नाही, आणि "काहून बे, कोरीच आणली का?" असं ऐकून घ्यावं लागायचं.

वऱ्हाडात या चकतीला आणखी एक महत्त्व होतं, ते म्हणजे लोडशेडिंग. २००५ नंतरची काही वर्षं मुंबई सोडून बाकी महाराष्ट्रात रोज तासन् तास वीज जायची. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढं, कूलर बंद, आणि सीडी ६० टक्के लिहून झालेली असताना दिवे गुल! सीडी-आर असेल तर बहुतेक वेळा ती गेलीच. आरडब्ल्यू असेल तर वीज आल्यावर पुसा आणि परत सुरू. कॉलेजच्या प्रोजेक्ट रिपोर्टला जोडायची सीडी आधी आरडब्ल्यूवर तपासून मग कोऱ्या सीडी-आरवर उतरवणारी मंडळी होती ती उगाच नाही.

पुसायचे दोन प्रकार होते, नीरो घ्या नाहीतर लिनक्सवरचं सीडीरेकॉर्ड. क्विक इरेज आणि फुल इरेज. फुल इरेज सगळी चकती पुसायचं, ४एक्स वेगानं साधारण २० मिनिटं लागायची. क्विक इरेज एक-दोन मिनिटांत आटपायचं, कारण ते फक्त सुरुवातीची अनुक्रमणिका पुसायचं. पुस्तकाचं अनुक्रमणिकेचं पान फाडलं आणि पुस्तक कोरं झालं असं जाहीर केलं, तसलाच प्रकार! आतला मजकूर तिथंच. साध्या ड्राइव्हला तो दिसत नाही, पण खास उपकरणं घेऊन बसलं तर वरून नवं लिहिलं जाईपर्यंत वाचता येतो. लोडशेडिंगच्या घाईत बहुतेक जण अर्थातच क्विक इरेज करायचे. ती चकती मग मित्राकडे, मित्राकडून आणखी कुणाकडे. कुणाचे घरचे फोटो, कुणाच्या ऑफिसची पगारपत्रकं अशीच फिरली असतील.

आणि याच्या उलटही होतं. जे राहायला हवं ते पार पुसलं जातं. १९६९ मध्ये माणूस चंद्रावर उतरला, त्याच्या मूळ चित्रणाच्या टेप नासानं पुढं शोधायला घेतल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आला, की टेपच्या टंचाईत त्या बहुधा पुसून परत वापरल्या गेल्या. दुष्टपणा कुणाचाच नव्हता, काटकसर होती. टीव्हीवर दाखवलेल्या चित्रणाच्या प्रती दुसरीकडे होत्या म्हणून आज आपण ते पाहू तरी शकतो.

प्रतीचं महत्त्व कळायला मात्र नासापर्यंत जायची गरज नाही. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तिथं १२७८ च्या सुमारास म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून, माणसामाणसाला विचारून गोळा केल्या, नागदेवाचार्यांकडून तपासून घेतल्या आणि 'लीळाचरित्र' सिद्ध केलं. मराठीतला हा आद्य गद्य ग्रंथ. पुढं १४ व्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथीच हरवली. संपलं? नाही. ती अनुयायांना पाठ होती! त्यांनी आठवणीतून ती परत उभी केली. हिराइसा या अनुयायिनीच्या स्मरणातला पाठ त्यात महत्त्वाचा मानतात. वेगवेगळ्या डोक्यांतून आल्यामुळे पाठभेद झाले, अभ्यासक आजही ते जुळवत बसतात. पण ग्रंथ वाचला.

गोष्ट इथं संपत नाही. पोथ्या जपायला महानुभावांनी त्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. पोथ्या राहिल्या, पण पंथाबाहेरच्या माणसाला कित्येक शतकं त्या वाचताच येईनात. शेवटी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी किल्ली उलगडली आणि जुन्या मराठीचा एवढा मोठा खजिना सगळ्यांसमोर आला. आता त्याच रिद्धपुरात मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलंय.

मला विचाराल तर घराघरातल्या कपाटातल्या चकत्या सध्या याच दोन टप्प्यांच्या मध्ये अडकल्यात. अमेरिकेच्या निस्ट या संस्थेनं २००३ मध्ये लिहिलं होतं, की नीट ठेवली तर आरडब्ल्यू चकती २५ किंवा जास्त वर्षं टिकावी. नीट म्हणजे ४ ते २० अंशांत! आपल्याकडे मे महिन्यात हे फक्त फ्रिजमध्ये जमतं. मजकूर शाबूत असला तरी वाचणारा ड्राइव्ह दरवर्षी दुर्मिळ होत चाललाय. सकळ लिपी परत आली आहे म्हणा, आणि या वेळी किल्ली सोडवायला राजवाडे येणार नाहीत.

तेव्हा एक काम करा. पुढच्या वेळी गावी गेलात की कपाटातला तो सीडीचा पाऊच बाहेर काढा. यूएसबीचा ड्राइव्ह मिळतो अजून. जे हवं ते उतरवून घ्या, दोन ठिकाणी ठेवा, आणि त्यातलं थोडंफार घरातल्या लहानांना सांगून ठेवा. हिराइसेची पद्धत अजून कुठल्याच ड्राइव्हनं मागं टाकलेली नाही. आणि जे नको असेल ते टाकून देताना फुल इरेज करा बरं का. आता २० मिनिटं थांबायला काय हरकत आहे, मधेच वीज जायची शक्यता पूर्वीइतकी राहिलेली नाही!