संपादक आणि त्याचा प्रदेश

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटीत २०२३च्या ऑगस्टअखेर उपोषण सुरू झाले, १ सप्टेंबरला लाठीमार झाला आणि कुणबी नोंदींच्या शोधात महाराष्ट्र पुन्हा निजामकालीन दफ्तरांकडे वळला. त्या राजवटीचा अंत जवळून पाहून त्याचा इतिहास मराठीत लिहिणाऱ्यांत एक पत्रकार होता, हे अशा वेळी आठवावे.

अनंत भालेराव (१९१९-१९९१) हैदराबाद मुक्तिलढ्यातील कार्यकर्ते. आ. कृ. वाघमारे यांनी सुरू केलेल्या ‘मराठवाडा’ची सूत्रे पुढे त्यांच्याकडे आली. मागासलेपण, अनुशेष, पाणी हे प्रश्न त्यांनी अग्रलेखांतून मांडले. आणीबाणीत त्यांनी तुरुंगवास सोसला. ‘मांदियाळी’तील व्यक्तिचित्रांत त्यांच्या गद्याचा जिव्हाळा दिसतो.

तरीही मूल्यमापन येथे थांबत नाही. २७ जुलै १९७८ रोजी विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला. मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. ‘मराठवाडा’ नामांतराच्या विरोधात होता. प्रदेशाच्या अस्मितेचा कैवार घेताना त्या प्रदेशातील सर्वांत वंचित माणूस तिच्यात सामावतो काय, हा प्रश्न त्या भूमिकेत मागे पडला. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, तेव्हा भालेराव हयात नव्हते.

निजामाशी व आणीबाणीशी झुंजणाऱ्या या संपादकाला आपल्याच वाचकवर्गाच्या विरोधात उभे राहणे अधिक कठीण गेले असावे. अंतरवालीनंतरच्या मराठवाड्याबद्दल लिहिणाऱ्या प्रत्येक पत्रकारापुढे तीच कसोटी आहे.