आजोळाची ओळ

कळंबच्या आमच्या घरी जपलेल्या वंशावळीत सात पिढ्यांचे पुरुष आहेत. बाई एकही नाही. त्यामुळे काय हरवते, हे मला ह्यूम या अमेरिकन घराण्याचा माग काढताना उमगले.

रॉबर्ट विल्सन ह्यूम १८३९ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या कामासाठी मुंबईत आले. १८५४ मध्ये मायदेशी परतताना जहाजावरच वारले. मुंबईत जन्मलेले त्यांचे चिरंजीव रॉबर्ट ॲलन अमेरिकेत शिकून १८७४ मध्ये परतले आणि नगरला स्थिरावले. नातू रॉबर्ट अर्नेस्ट यांचा जन्म १८७७ चा, नगरचाच. त्यांनी केलेले तेरा उपनिषदांचे इंग्रजी भाषांतर १९२१ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुरुषांच्या या ओळीत संस्कृतचा धागा सापडत नाही. तो आजोळी सापडतो. अर्नेस्ट यांची आई ॲबी ही मिशनरी एबेनेझर बर्जेस यांची कन्या. आणि बर्जेस यांनी ‘सूर्यसिद्धान्ता’चे इंग्रजी भाषांतर १८६० मध्येच प्रसिद्ध केले होते. एवढ्याने वारसा सिद्ध होत नाही, हे खरे. पण आईचे नाव गाळले, तर प्रश्नच पडत नाही.

गेल्या पाडव्याला आमच्या वंशावळीत आजीचे नाव, माहेरासकट, लिहिले. पणजीचे नाव सांगणारे घरात कोणी उरले नव्हते.