पत्रा कोण कापणार?

रस्ता सुरक्षा सप्ताहात आमच्या शाळेत दरवर्षी व्याख्यान होते, हेल्मेटची शपथ होते. यंदा आठवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, गाडीत माणूस अडकला तर त्याला बाहेर कोण काढतं? पोलीस की अँब्युलन्सवाले?" मला चटकन उत्तर देता आले नाही.

हे काम कुणाचे, हे जगानेही उशिराच ठरवले. 1966 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या अहवालात एक विचित्र वस्तुस्थिती नोंदली गेली. देशातल्या जवळपास निम्म्या रुग्णवाहिका सेवा अंत्यविधीचा व्यवसाय करणारेच चालवत होते. कारण साधे होते. माणसाला आडवे नेता येईल अशी लांब गाडी त्यांच्याकडे असायची. म्हणजे जखमीला न्यायला यायची तीही मयताचीच गाडी!

पण गाडीत ठेवण्याआधी माणूस बाहेर तर निघाला पाहिजे. पूर्वी पहार आणि करवत एवढीच साधने होती. करवतीची ठिणगी सांडलेल्या पेट्रोलवर पडली की वाचवणाराही संपला. मोटार शर्यतींशी संबंधित असलेल्या जॉर्ज हर्स्ट या अमेरिकनाने चालकांना चेमटलेल्या गाड्यांतून काढताना लागणारा वेळ पाहिला आणि 1960च्या दशकात हायड्रॉलिक दाबावर पत्रा फाकवणारे अवजार तयार केले. 'जॉज ऑफ लाइफ' म्हणून ते पुढे जगभर गेले.

अवजार आले, तरी जबाबदारी ठरायला आणखी वेळ लागला. ब्रिटनच्या 1947च्या कायद्याने अग्निशमन दलाचे मुख्य कर्तव्य आग विझवणे हेच ठरवले होते. जवान अपघातातल्या लोकांना सोडवत, पण ते कायद्याने बंधनकारक नव्हते. इंग्लंड आणि वेल्समध्ये ते 2004च्या कायद्याने बंधनकारक झाले. कर्तव्य झाले की त्यासाठी माणसे, साधने आणि सराव ठेवावाच लागतो.

आता आपल्याकडे या. एका स्कूटरस्वाराला मोटारीने उडवले. एका भल्या माणसाने त्याला जवळच्या रुग्णालयात नेले. तिथे सांगितले गेले की पोलीस केस आहे, वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात न्या. तो वाटेतच गेला. ही बातमी वाचून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले. 1989 साली निकाल लागला: डॉक्टर सरकारी असो वा खासगी, आधी जीव वाचवायचा, कागद नंतर.

दुसरी भीती मदत करणाऱ्याची. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम बंधनकारक केले. 2019 साली मोटार वाहन कायद्यात 134अ कलम आले. जखमीला नेणाऱ्याला आता नाव सांगण्याची सक्ती नाही. ही गोष्ट आपल्या वस्त्यांत आवर्जून सांगितली पाहिजे. पोलीस ठाण्याच्या धास्तीने पाय मागे घेणारे आपल्यात कमी नाहीत.

म्हणजे साखळीचे पहिले टोक, रस्त्यावरचा माणूस, आणि शेवटचे टोक, डॉक्टर, दोन्हींसाठी कायदा झाला. 2014पासून महाराष्ट्रात 108ची रुग्णवाहिकाही धावते. पण पत्रा कापणे हे तिचे काम नाही. अग्निशमन दल प्रामुख्याने महापालिका-नगरपालिकांचे, आणि महामार्ग जातो खेड्यांतून. मधली कडी सुटलेलीच आहे.

मग घाटात प्रत्यक्षात धावतो कोण? जवळचा गॅरेजवाला, क्रेनवाला, वेल्डिंगवाला. यांत आपली मुले किती आहेत, हे सांगायला नको. हातात हुनर आहे, मनात रहम आहे. पण गॅस कटरची ज्योत पेट्रोलशेजारी नेऊ नये, मानेला आधार दिल्याशिवाय जखमीला ओढू नये, हे त्यांना कुणी शिकवलेले नसते. चांगल्या हेतूने ओढलेला माणूस जन्मभर अंथरुणाला खिळू शकतो.

अमेरिकेत काय, इंग्लंडमध्ये काय, दयाळू माणसे आधीही होतीच. फरक पडला तो ही जबाबदारी कुणाच्या तरी नावावर लिहिली गेली तेव्हा. आपणही मागणी करू या: महामार्गावरच्या प्रत्येक तालुक्यात कटर आणि तो चालवणारी प्रशिक्षित तुकडी हवी, आणि त्या प्रशिक्षणात गॅरेजमधली ही मुले हवीत.

त्या विद्यार्थ्याला दुसऱ्या दिवशी उत्तर दिले, "बेटा, आज जो जवळ असेल तो काढतो." तो म्हणाला, "आणि जवळ कुणीच नसेल तर?"

माझ्याकडे याचे उत्तर नव्हते. ते शासनाकडे असायला हवे.