मधुमेह आणि बधिर पाऊल

तंजावूरच्या राजवाडा परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात दुसऱ्या सरफोजी राजांच्या काळातील (१७९८ ते १८३२) वैद्यकीय हस्तलिखिते जतन केलेली आहेत. राजांच्या धन्वंतरी महालातील औषधयोगांच्या ‘सरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या तमिळ संग्रहाचा एक भाग मधुमेहावर आहे. मात्र मधुमेहींचे पाय का कापावे लागतात, याचे उत्तर औषधांइतकेच चालण्यातही दडलेले आहे. ते शोधण्यात तमिळनाडूतीलच वेल्लोरचा मोठा वाटा आहे.

डॉ. पॉल ब्रँड १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांच्या तळपायावरील जखमा मांस सडल्याने नव्हे, तर वेदना न कळल्याने होतात, हे त्यांनी दाखविले. निरोगी माणूस खूप चालल्यावर नकळत ढब बदलतो. टाच दुखू लागली की भार पुढे नेतो. बधिर पावलाला ही सूचनाच मिळत नाही. एकच जागा हजारो पावलांचा भार सोसते, आतून सुजते आणि अखेर फुटते. १९६६ मध्ये अमेरिकेतील कारव्हिल येथे गेल्यावर ब्रँड यांनी हाच विचार मधुमेहींच्या पावलांना लागू केला.

मधुमेहात पावलातील लहान स्नायूंच्या नसाही क्षीण होतात. बोटे आकड्यासारखी वाकतात, चवड्याखालची हाडे टोचू लागतात, घाम आटल्याने त्वचेला भेगा पडतात. दाबाच्या जागी घट्टा येतो आणि तोच पुढे बुटातील खड्यासारखा दाब वाढवितो. रक्तपुरवठा कमी असेल व जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचला, तर पाय वाचविणे कठीण होते.

संवेदना शाबूत आहे का, हे १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून कळते. ही साधी तपासणी वर्षातून एकदा तरी करावी. घट्टे घरी ब्लेडने कापू नयेत. पादत्राणे घालण्यापूर्वी झटकावीत आणि रोज आरशात तळवे पाहावेत. राजवाड्याजवळच्या बृहदीश्वर मंदिरात अनवाणी जावे लागते. भर दुपारच्या तापलेल्या दगडावर बधिर तळवा भाजला, तरी फोड दिसेपर्यंत ते कळत नाही. अशा यात्रेकरूंनी सकाळी लवकर दर्शन घ्यावे.

जखम झालीच, तर मलमपट्टी पुरेशी नसते; त्या जागेवरचा भार काढावा लागतो. रक्तपुरवठा ठीक असल्यास त्यासाठी पायाला घट्ट बेताचे प्लास्टर घालतात. ते काढता येत नाही, हाच त्याचा गुण. कारण दुखत नसल्याने रुग्ण जखमेवरच चालत राहतो.