कुंडीतले झाड आणि आपले रूपक

मराठी समीक्षेत 'बोन्साय' हा शब्द बहुधा दूषण म्हणून येतो. खुंटलेली प्रतिभा, दडपलेली स्त्री, परीक्षेपुरता वाढलेला विद्यार्थी. सगळ्यांना हे एकच रूपक पुरते. वर्गात आम्हीही ते सढळ हाताने वापरले आहे. पुढे एका विद्यार्थिनीने आम्हा प्राध्यापकांना नांदरुकाचे एक बोन्साय भेट दिले. शोभेची वस्तू समजून आम्ही ते स्टाफरूममधील कपाटावर ठेवले आणि दोन महिन्यांत वाळवले! रूपक ठाऊक होते, झाड ठाऊक नव्हते. मग इतिहास चाळला.

'बोन' म्हणजे उथळ तबक, 'साय' म्हणजे लावणे. कलेचे मूळ मात्र चीनमधले. इ. स. ७०६ मधील राजपुत्र झांगहुआई याच्या थडग्यातील भित्तिचित्रात सेवकाच्या हाती तबकातले छोटेसे निसर्गदृश्य दिसते. पुढे ही कला जपानमध्ये रुजली आणि साहित्यातही आली. 'हाची नो की' (कुंडीतली झाडे) हे नो नाटक साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य पाहावे. बर्फाच्या रात्री एक भिक्षू दारी येतो. विपन्नावस्थेतील सामुराई सानो गेन्झाएमोन याच्या घरी सरपणही नाही. जपून ठेवलेली आलुबुखार, चेरी आणि पाइन ही तीन झाडे तेवढी उरली आहेत. पाहुण्याला ऊब मिळावी म्हणून तो तीच तोडून जाळतो. भिक्षू असतो वेषांतर केलेला माजी राजप्रतिनिधी होजो तोकियोरी. तो पुढे गेन्झाएमोनला ज्या तीन जहागिरी देतो, त्यांच्या नावांत हीच तीन झाडे आहेत! झाडे जाळण्याला त्याग म्हणावे, तर ती आधी कुणीतरी मायेने जपलेली असावी लागतात. आपल्या रूपकात कापणारा हात तेवढा दिसतो. पाणी घालणारा हात गाळलेला असतो.

तो हात पिढ्यान्‌पिढ्यांचा असू शकतो. हिरोशिमातील यामाकी कुटुंबाचे पांढरे पाइन १६२५ पासून कुंडीत वाढवले जात होते. ६ ऑगस्ट १९४५ रोजी अणुबाँब पडला, तेव्हा स्फोटकेंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवरील त्यांच्या रोपवाटिकेत भिंतीच्या आडोशाला ते वाचले. १९७६ साली मासारू यामाकी यांनी ते अमेरिकेला भेट दिले. ज्या देशाने बाँब टाकला, त्याच देशाला. २००१ मध्ये त्यांचे नातू वॉशिंग्टनला आले, तेव्हा कुठे संग्रहालयाला झाडाची ही हकीकत कळली.

आमची चूक काय होती, हेही याच वाचनात उमगले. बोन्साय ही दिवाणखान्यातली वस्तू नव्हे. त्याला उघड्यावरचा उजेड आणि वारा लागतो. पाणी घड्याळ पाहून नव्हे, तर वरची माती सुकू लागली की तळाच्या भोकांतून निथळेपर्यंत घालावयाचे. नुसते पाणी घालायला शिकण्यातच तीन वर्षे जातात, असे जपानी माळी म्हणतात. दर काही वर्षांनी मुळे छाटून माती बदलतात, ती झाड छळण्यासाठी नव्हे. उथळ तबकात नव्या मुळांना जागा हवी म्हणून. नवख्याने तारेच्या वाटेला इतक्यात जाऊच नये, असे आमचे मत.

यंदा पुन्हा नांदरूकच आणले आहे. ते खिडकीबाहेरच्या कट्ट्यावर आहे. बोटाने माती चाचपण्याच्या पाळ्या ठरल्या आहेत. दिवाळीच्या सुट्टीतली पाळी मात्र अद्याप कुणीच घेतलेली नाही.