स्विच पोकळीचा, प्रश्न धातूचा

व्हीसीबी, म्हणजे निर्वात ब्रेकर, घडला तो हवा नीट उपसता येऊ लागल्यामुळे, असे सर्रास सांगितले जाते. हे अर्धेच खरे आहे. इतर ब्रेकरमध्ये आर्क पेटतो तो भोवतालच्या हवेत किंवा तेलातून निघालेल्या वायूत. निर्वातात असे काहीच नसते. तिथला आर्क जगतो कॉन्टॅक्टच्याच धातूच्या वाफेवर. म्हणून या स्विचचे भवितव्य पंपापेक्षा कॉन्टॅक्टच्या चकत्यांनीच अधिक ठरवले.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत सोरेनसन आणि मेंडेनहॉल यांनी केलेले प्रयोग १९२६ साली प्रसिद्ध झाले. शेकडो अँपिअरचा प्रवाह निर्वातात तुटतो हे त्यांनी दाखवले. तरीही जनरल इलेक्ट्रिकचा शॉर्ट सर्किट पेलणारा निर्वात स्विच यायला १९६२ उजाडले. या दिरंगाईचे खापर काच आणि धातूच्या गळक्या सांध्यांवर फोडले जाते, आणि सुरुवातीच्या काळापुरते ते योग्यही आहे. पण रेडिओच्या निर्वात नळ्या तर कारखान्यांत सीलबंद होऊन बाहेर पडतच होत्या, आणि १९५०च्या दशकात टंगस्टनचे कॉन्टॅक्ट असलेले निर्वात स्विच लहान प्रवाहांसाठी वापरातही होते. मोठ्या प्रवाहाला मात्र टंगस्टन कुचकामी. तो इतका तापतो की प्रवाह शून्यावर आल्यानंतरही इलेक्ट्रॉन सोडत राहतो. लहान प्रवाहात त्याची खोड नेमकी उलटी: वाफ अपुरी पडते, आर्क शून्याआधीच तुटतो आणि मोटारीच्या वाइंडिंगवर व्होल्टेजचा फटका बसतो. त्यातच धातूच्या पोटात मुरलेला वायू आर्कच्या उष्णतेने बाहेर पडून निर्वात नासवतो. बाहेरून कितीही पंप लावला तरी तो आधी निघत नाही. त्यावरचा उपाय मिळाला तो सेमीकंडक्टरसाठी विकसित झालेल्या झोन रिफायनिंगमधून, म्हणजे धातुशास्त्रातूनच.

वायू काढलेल्या शुद्ध तांब्याने नवेच संकट उभे केले: स्वच्छ पृष्ठभाग निर्वातात एकमेकांना वेल्ड होऊन बसतात. जो ब्रेकर ऐन वेळी उघडतच नाही, तो काय कामाचा? जनरल इलेक्ट्रिकच्या ली, लॅफर्टी आणि सहकाऱ्यांनी तांब्यात किंचित बिस्मथ मिसळला. तो तांब्याच्या कणांच्या सीमांवर साचतो, वेल्ड ठिसूळ होतो आणि सहज मोडतो. एरवी तांब्यातला दोष मानला जाणारा ठिसूळपणा इथे मुद्दाम आणला, हे मला फार चलाख वाटते. मात्र बिस्मथ लवकर उडून जातो आणि व्होल्टेज सोसण्याची ताकद घटते. ब्रिटनच्या इंग्लिश इलेक्ट्रिकमध्ये १९६०च्या दशकात पुढे आलेली तांबे-क्रोमियमची जोडी म्हणूनच टिकली. क्रोमियम तांब्यात जवळजवळ विरघळत नाही, पण आर्कनंतर वितळलेला थर बारीक कणांचा होऊन पृष्ठभाग गुळगुळीत राहतो. शिवाय क्रोमियम उरलासुरला ऑक्सिजन धरून ठेवतो.

कॉन्टॅक्टच्या आकारानेच खरी बाजी मारली, असे कोणी म्हणेल. सर्पिल खाचा आर्कला फिरवतात, अक्षीय चुंबकीय क्षेत्र त्याला पसरवते, आणि त्याशिवाय आजचे मोठे प्रवाह तुटले नसते, हे मान्य. पण आकार आर्कला फक्त वाट दाखवतो; वेल्ड तुटेल का आणि लहान प्रवाहात वाफ पुरेल का, हे धातूच ठरवतो. त्यामुळेच सतत चालू-बंद होणाऱ्या मोटारींच्या कॉन्टॅक्टरमध्ये आजही बऱ्याचदा चांदी आणि टंगस्टन कार्बाइडची चकती असते, आणि ३३/११ केव्ही उपकेंद्रातल्या ब्रेकरमध्ये तांबे-क्रोमियमची.